विहीणबाईंचं पथ्य

कुंभार्ली घाट चढून एसटी वर आली तेव्हा मी पिशवीतली मोजणीवही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं : ‘काम – पास्ता शिकणे. ठिकाण – छत्रपती संभाजीनगर.’ चौतीस वर्षं मोजणी खात्यात जमिनी मोजण्यात गेली. त्यामुळे कुठेही निघालं की आधी कामाचा तपशील लिहायची खोड हाताला लागली आहे. शेजारी कराडला उतरणारे एक गृहस्थ बसले होते. ते खुशाल वहीत डोकावत होते.

“पास्ता म्हणजे कुठला कोर्स?” त्यांनी विचारलं.

“कोर्स नाही. खायचा पास्ता.”

“मग तो शिकायला इटलीला जायचं सोडून मराठवाड्यात कशाला?”

प्रश्न रास्त होता. पण उत्तर लांबलचक होतं आणि कराड जवळ आलं होतं, म्हणून “तिकडे आमची मेव्हणी असते,” एवढंच सांगून मी वही मिटली. वाचकांना मात्र सगळं सांगायला हवं, नाहीतर माझ्याइतकाच त्यांचाही गोंधळ उडेल.

माझी मुलगी केतकी सहा वर्षांपूर्वी लग्न करून इटलीत तोरिनोला गेली. जावयाचं नाव मार्को. लग्न तिकडेच झालं आणि माझ्या व्हिसाच्या कागदांत काहीतरी चुकल्यामुळे आम्हा नवराबायकोला जाता आलं नाही. म्हणजे विहिणीची पंगत वाढायची राहून गेली. लग्नात बाकी काहीही राहिलं तरी चालतं, पण विहिणीची पंगत राहिली की ती जन्मभर घशात अडकते. त्यानंतर चार वर्षांनी माझी बायको सुषमा गेली. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. केतकीला विमान मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं, मग तिने तिकीटच काढलं नाही. या गोष्टीला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ती घरी आलेली नाही.

आणि आता वैशाखात ती येणार होती. मार्कोला रजा नव्हती, पण बरोबर सासू येणार होती, लुचियाबाई. मी हरखून गेलो. पण केतकी फोनवर म्हणाली, “बाबा, आम्ही दुपारी येऊन भेटून जाऊ. राहायची सोय मी गुहागरला हॉटेलात केली आहे. आईंचं पोट फार नाजूक आहे.” मी म्हटलं, तिखट करणार नाही. पुढच्या फोनला कळलं की त्यांना डाळही पचत नाही. त्याच्या पुढच्या फोनला दूध बंद झालं, आणि नंतर एकदा भातही गेला. मी प्रत्येक वेळी वहीत लिहून घेत होतो. शेवटी चिडून विचारलं, “अगं, मग त्या खातात तरी काय?”

“पास्ता,” केतकी घाईघाईने म्हणाली. “तुम्हाला कुठे येतो पास्ता!”

“आला तर?”

मग ती म्हणाली, “आला आणि त्यांनी खाल्ला, तर राहू चार दिवस.”

ती हे हसत म्हणाली की कंटाळून, ते मला आजही सांगता येणार नाही. पण मी सरकारी माणूस, तोंडी हुकूमही लेखी धरून चालतो. एका ताटाच्या बदल्यात मुलीचे चार दिवस पदरात पडणार होते. सुषमाची धाकटी बहीण नलू वाळूजला राहते. तिथल्या एका कारखान्याच्या अतिथिगृहात इटालियन इंजिनिअर राहायचे, त्यांना तिने दोन वर्षं रांधून घातलं होतं. तिला फोन केला. ती म्हणाली, “या की दाजी. शिकवते. पण पास्ता जमला तर मला पैठणची साडी.” मी साडी कबूल केली आणि हापूसची पेटी घेऊन निघालो.

पुण्याला गाडी बदलली. अहिल्यानगर सोडल्यावर खिडकीतून येणारा वारा वारा राहिलाच नाही, कुणी तव्याजवळ तोंड धरावं तसं वाटू लागलं. कोकणात आम्ही उकाड्याने भिजतो, इथे माणूस वाळतो. संभाजीनगरच्या बसस्थानकावर उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. गाडीवर नाव एक होतं, कंडक्टर ओरडत होता दुसरंच, “औरंगाबाद, औरंगाबाद”. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग पेटी खाली उतरवली.

नलू स्कूटर घेऊन आली होती. नवरा कारखान्यात दुसऱ्या पाळीला होता.

“काय दाजी, वाळलात की लई! अन् लंगडायलात काय?”

“गुडघा,” मी म्हणालो. “दोन वर्षं झाली, प्रवास झेपत नाही.”

“व्हय का? मंग चिपळूणपासून काय उडत आलात?” असं म्हणून तिने आंब्याची पेटी पायाशी ठेवली आणि मला मागे बसवून स्कूटर अशी हाणली की गुडघ्याची आठवण काढायलाही सवड मिळाली नाही.

वाळूजचा रस्ता पाळी सुटण्याच्या वेळी पाहावा. कारखान्यांच्या बसगाड्या, मोटारसायकलींची रांग, प्रत्येकाच्या हँडलला अडकवलेला डबा. एका फाटकापाशी गर्दीत आम्ही थांबलो, तिथे कडुलिंबाखाली दोन कामगार पाळीवर जायच्या आधी डबा खात बसले होते. एकाने ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मोडला आणि डब्यातलं लालसर काहीतरी त्यात धरून तोंडात टाकलं. मी वाकून पाहिलं. नळ्या होत्या.

“हे काय आहे हो?” मी विचारलं.

“पास्त्याची भाजी,” तो सहज म्हणाला. “घ्या की काका, कांदा बी हाय.”

भाकरीबरोबर? पास्ता हे जेवण की भाजी? मी नलूकडे पाहिलं. तिला यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. “बुधवारी बऱ्याच घरी असतीय,” ती म्हणाली, “भाजीपाला महागला की आणखी होतीय.” वहीत पहिली नोंद झाली : भाकरी? आणि पुढे मोठं प्रश्नचिन्ह.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवणी सुरू झाली. नलूने काड्यांसारख्या लांब पास्त्याचा पुडा उघडला आणि मूठ भरून कडाकड मोडली. मग कढईत तूप घालून ते तुकडे बदामी रंगावर परतले, अगदी शेवया परतावेत तसे. वरून कांदा, टोमॅटो, काळा मसाला आणि शेंगदाण्याचं कूट घातलं. मग वाटीने मोजून पाणी ओतलं, तीन वाट्या, आणि झाकण ठेवलं.

“केतकी म्हणते पाणी भरपूर लागतं. उकळून ओतून द्यायचं,” मी म्हणालो.

नलूने उलथनं माझ्याकडे रोखलं. “ओतून? दाजी, आमच्याकडं नळाला पाणी कधी येतंय ठाव हाय का? आठ-आठ दिवस वाट बघावी लागतीय. मूठभर शेवयापायी हंडाभर पाणी मोरीत सोडायचं? पाप लागंल.”

“आणि ते इटालियन साहेब? ते काही बोलले नाहीत?”

“बोलले की. एक म्हातारे होते, बडे साहेब म्हणायचे सगळे. मी पास्ता मोडताना बघितलं अन् त्येंनी डोकं धरलं दोन्ही हातांनी, कुणी मेल्यावानी. आठ दिवस सोता येऊन हंडाभर पाणी उकळायचे. मंग टँकर आला नाय एका आठवड्यात. त्या दिवशी माझ्या रीतीनं केला. गपचिप खाल्लं. पुढच्या आठवड्यात म्हणायले, ‘नलू, तुझा कर.’ त्येंच्या भाषेत काय म्हणायचे देव जाणे, पण ताट पुसून खायचे.”

शेजारच्या दोन बायका चव घ्यायला आल्या. दोघींनीही पास्ता नलूकडूनच उचलला होता. पण एक म्हणाली तिच्याकडे कूट घालत नाहीत, तीळ घालतात, आणि दुसरी म्हणाली तिच्या सासऱ्यांना उपासाच्या दुसऱ्या दिवशी लिंबू पिळून लागतो. मी तिघींना विचारलं, “मग खरा इटालियन कुठला?” तिघी एकमेकींकडे पाहून हसल्या. खरं खोटं कशाला करायचं, पोरं खातात ना, असं त्यांचं म्हणणं पडलं. जमिनीच्या कामात असं चालत नसतं. हद्द म्हणजे हद्द. तिथे दगड रोवावा लागतो.

हात धुताना नलूने मधेच विचारलं, “दाजी, त्या विहीणबाईला नेमकं झालंय काय? पथ्य तर मला लई इचित्र वाटतंय. डाळ नाय, भात नाय, दूध नाय. असं कुठलं दुखणं असतंय?”

“पोटाचं,” मी म्हणालो. त्याहून जास्त मलाही माहीत नव्हतं.

“हं,” ती म्हणाली, आणि कढई घासू लागली.

दुपार टळल्यावर पास्ता विकत घ्यायला छावणीच्या बाजारात गेलो. छावणी म्हणजे इथला लष्करी भाग. रुंद रस्ते, जुनी झाडं आणि त्याला लागून खच्चून भरलेला बाजार. रफीकभाईंचं किराणा दुकान नलूच्या ओळखीचं होतं. अतिथिगृहाला माल तेच पुरवायचे. साठीचे, मेंदी लावलेली दाढी, आणि बोलायची हौस दांडगी.

“इटली?” ते म्हणाले. “नक्को भाई, नक्को. मॅकरोनी हमारी छावनी की चीज है. मेरी दादी बनाती थी रमजान में, खिमा डालके. उनकू इटली कहाँ मालूम था?” मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी मराठी धरली. “बघा काका, नलूताईंची रीत चूक. परतायचं नाही. उकळायचं, आणि लगेच गार पाण्याने धुवायचं. खळखळून. तरच मोकळी राहते, बिर्याणीच्या तांदळासारखी.”

“पाणी कुठनं आणायचं?” नलूने कमरेवर हात ठेवला.

“बोअर मारो ना ताई!”

दोघांची जुंपली. गिऱ्हाइकं थांबली, कुणी परतण्याच्या बाजूने, कुणी धुण्याच्या. एक सुभेदारबाई म्हणाल्या की त्यांच्याकडे दोन्ही करतात. रफीकभाईंनी वरच्या मजल्यावर हाक मारून ताटली मागवली. खिमा, पुदिना, आणि त्यात सुटी सुटी मॅकरोनी. चव अशी की मी बोटं चाटली. पण लुचियाबाईंच्या नाजूक पोटाला हे द्यायचं? आणि माझ्या वहीत आता एकमेकांवर चढलेली दोन मापं होती. मोजणीत असं झालं की आम्ही तिसऱ्यांदा माप घेतो आणि तिन्हींचा मध्य काढतो. तिसरं माप कुठे घ्यायचं ते मात्र कळेना.

ते नलूने ठरवून टाकलं. “उद्या देवगावला जायचं,” ती घरी आल्यावर म्हणाली.

देवगाव रंगारी हे नलूचं माहेर, म्हणजे सुषमाचंही. माझी सासुरवाडी. मी लगेच गुडघ्याला हात लावला. “एवढा प्रवास झेपायचा नाही गं मला.”

“जिना चढून आलात आत्ता,” नलू म्हणाली. “अन् चढताना गुडघा इसरला होतात.”

लासूरला चहा घेऊन पुढे निघालो. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं, मधेच एखादा आंबा, आणि दूरवर डोंगराची निळी ओळ. या रस्त्याने सुषमाला आणायला-सोडायला मी किती वेळा आलो असेन, पण तेव्हा मी खिडकीतून बांध मोजत बसायचो. गावात शिरून गाडी थांबली तरी मी जागेवरच बसून राहिलो. लपवण्यात अर्थ नाही, मला उतरावंसंच वाटत नव्हतं.

घर मेव्हण्याचं. तो रानात गेला होता. त्याची बायको, सुमनवहिनी, अंगणात पिठाने भरलेल्या हातांनी उठल्या.

“दाजी? दोन वर्सं झाली. वाट इसरलात व्हय?”

“गुडघा हो वहिनी,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं. “बसा,” एवढंच म्हणाल्या, आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

वैशाखातलं वळवट चाललं होतं (वर्षभरासाठी हाताने वळून, वाळवून ठेवतात ते गव्हाचे प्रकार). बाजेवर पांढरं धोतर अंथरून त्यावर शेवया वाळत होत्या. वहिनी सरगुंडे करत बसल्या होत्या. घट्ट कणकेची लांब दोरी वळायची, ती एका गुळगुळीत काडीभोवती गुंडाळायची, तळव्याखाली पाटावर एकदा फिरवायची आणि काडी अलगद ओढून घ्यायची. मागे राहते ती पोकळ नळी. वाळली की डब्यात. खायच्या वेळी उकडायची आणि आमरसात घालायची.

मी एक नळी उचलली. दुसऱ्या हातात रफीकभाईंचा पुडा होता. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. “वहिनी, हे तुम्ही कुणाकडून शिकलात?”

“सासूकडनं. आणखी कुणाकडनं?”

“आणि त्या?”

“त्येंच्या सासूकडनं. काय इचारायलात दाजी, ऊन लागलं का?”

त्यांची सून आतून म्हणाली, “मामंजी, पोरं आता ह्येच सरगुंडे टोमॅटोत मागतेत. शाळेच्या डब्याला. पास्ता म्हणूनशान.” म्हणजे वाळूजला पास्त्याची शेवई झाली होती, छावणीत पास्ता दादीच्या हातचा होता आणि देवगावात सरगुंड्यांचा पास्ता झाला होता. कोण कुणाच्या हद्दीत घुसलं? मला कुठेच दगड रोवता येईना.

“सुषमाताई चिपळूणला करायच्या ना दर साली?” वहिनींनी विचारलं.

करायची. शेजारच्या बायका ‘घाटावरच्या नळ्या’ म्हणून हसायच्या आणि केतकी डबा रिकामा करायची. तोरिनोला गेल्यावर केतकीने आईला पहिला फोन केला तोही हेच सांगायला, की आई, इथे दुकानात सरगुंडे मिळतात. मी त्या सगळ्या वर्षांत मोजणीच्या दौऱ्यांवर होतो. सुषमा सरगुंडे उकडायची कशी, ते मी एकदाही पाहिलेलं नव्हतं. हे तिथे अंगणात बसून लक्षात आलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

उकडायची रीत वहिनींना विचारणार होतो. पण मेव्हणा रानातून आला, जेवणं झाली, ठेच्याची बरणी आणि सरगुंड्यांचा डबा माझ्या मांडीवर आला, आणि गाडीची वेळ झाली. विचारायचं राहूनच गेलं. निघताना वहिनी म्हणाल्या, “केतकीला म्हणावं मामाकडं बी ये. ती बी तुमच्यावानी गुडघ्याचं सांगती का?”

“तिला कसला गुडघा?” मी म्हणालो. नलू आणि वहिनी दोघीही हसल्या. मला विनोद कळला नाही.

परतीच्या एसटीत मी नलूचं, रफीकभाईंचं आणि केतकीच्या भरपूर पाण्याचं, अशा तीन मापांचा मध्य काढला. निम्मा पास्ता मोडायचा, निम्मा आख्खा ठेवायचा. थोडा परतायचा. पाणी हंडाभरही नको, तीन वाट्याही नकोत, मधलं काहीतरी. शेवटी गार पाण्याने धुवायचा. कागदावर कृती चोख दिसत होती.

केतकी आणि लुचियाबाई चिपळूणला आल्या त्या दिवशी अकराच्या सुमारास टॅक्सी दारात थांबली. लुचियाबाई उतरल्या. आखूड पांढरे केस, सुती झब्बा, आणि चेहरा उन्हाने लालबुंद झालेला. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मागून केतकी उतरली. बारीक झाली होती. मला मिठी मारली, पण टॅक्सीवाल्याला म्हणाली, “थांबा तुम्ही. बॅगा राहू देत.” आणि पडवीतल्या बाकावर जी बसली ती उंबऱ्याच्या आत आलीच नाही. तहान लागली तर पाणीही तिथेच मागून घेतलं.

पास्त्याचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. मोडलेला निम्मा विरघळला, आख्खा निम्मा कच्चा राहिला, आणि वरून गार पाणी पडल्यावर दोन्ही मिळून लगदा झाला. मी तो विहीणबाईंच्या ताटात वाढला. पान पडवीतच मांडून भोवती रांगोळी काढली होती, उदबत्ती लावली होती. त्यांनी घास घेतला. बराच वेळ चावला. मग चमचा हळूच खाली ठेवला आणि मला धीर द्यावा तसं हसल्या. मी केतकीकडे पाहिलं. ती बाहेर टॅक्सीकडे पाहत होती. चार दिवस हातचे गेले, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात लुचियाबाईंनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. माझ्यासाठी म्हणून कोपऱ्यात आमटी-भात झाकून ठेवला होता. त्यांना तो हवा होता. मी घाबरून “नो, नो” म्हणालो. त्यांनी उठून स्वतःच आणला. डाळीची आमटी भुरकली. भात दोनदा घेतला. देवगावचा ठेचा बोटाने चाटला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा चाटला. वर पेलाभर मसाला दूध प्यायल्या. मी वहीतली एक एक ओळ मनातल्या मनात खोडत होतो आणि चक्रावून गेलो होतो.

“केतकी,” मी म्हणालो, “यांना तर डाळ…”

केतकी खाली पाहत होती. पायाच्या अंगठ्याने फरशीवर रेघ ओढत होती. लहानपणी खोटं बोलताना ओढायची तशीच.

आणि मग मला तो विनोद कळला. विहीणबाईंचं पोट आणि माझा गुडघा, दुखणं एकच होतं. मी दोन वर्षं देवगावला गेलो नाही आणि केतकी दोन वर्षं आई नसलेल्या या घरात आली नाही. मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण तो तिचा नव्हता. उठलो आणि आत जाऊन सरगुंडे उकडायला घेतले. आमरस काढलेला होता, तो तरी वाया जायला नको.

वही उघडी होतीच. आधी तुपावर परतले. उकळत्या पाण्यात सोडले. मऊ झालेसे वाटल्यावर गार पाण्याचा तांब्या उचलला.

“बाबा, थांबा!”

केतकी स्वयंपाकघराच्या परसाकडच्या दाराबाहेर उभी होती. केव्हा आली होती कोण जाणे. “गार पाणी नका ओतू. आई ओतत नव्हती.”

तांब्या माझ्या हातातच राहिला. “मग काय करायची?” मी विचारलं. “मला खरंच माहीत नाही गं.”

ती क्षणभर उंबऱ्याशी थांबली. मग आत आली. माझ्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला. न विचारता खालचं कपाट उघडलं, मागे हात घालून पितळेची चाळणी काढली आणि सरगुंडे तिच्यात उपसून घेतले. मग गरम असतानाच तूप सोडून दोन्ही हातांनी हलकेच वर-खाली केले. “असं करायची,” ती म्हणाली. आम्ही दोघं तिथेच, ओट्याला टेकून, पोटभर रडलो. दोन वर्षांपूर्वी रडायचं राहिलं होतं ते.

लुचियाबाई दारात आल्या, आमच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता बाहेर गेल्या. थोड्या वेळाने धाप लागलेल्या परत आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत बॅगा होत्या. टॅक्सी निघून गेली होती.

चार दिवस त्या राहिल्या. आपल्या पोटाच्या नावावर काय काय खपवलं गेलं होतं ते सुनेकडून कळल्यावर विहीणबाई आधी हसल्या, मग सहा वर्षांत एकदाही अशी आमटी करून घातली नाही म्हणून तिच्यावर खऱ्याखुऱ्या रागावल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या कणकेच्या नळ्या वळल्या, आणि अशा नळ्यांना त्यांच्या गावी काय म्हणतात ते सांगितलं. ते मी वहीत टिपलं नाही. कुठलं अन्न कुणाचं आणि कुणी कुणाला शिकवलं, हे मला संभाजीनगरला जाताना जेवढं कळत होतं त्याहून आता कमीच कळतं. सासूने सुनेला, नलूने साहेबाला, मुलीने बापाला, असं काहीतरी ते चालत असावं. मोजणीचं काम नव्हे ते.

त्या गेल्या त्या संध्याकाळी मी नलूला फोन लावला.

“काय दाजी, जमला का पास्ता?”

“पार बिघडला गं. लगदा झाला.”

“अन् केतकी?”

“राहिली. चार दिवस. दिवाळीनंतर पुन्हा येते म्हणाली. देवगावलाही जाऊ, दोघं.”

पलीकडे नलूने नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “मंग माझी साडी?”

“पास्ता जमला तर साडी, असं ठरलं होतं.”

“बिघडला म्हणूनशानच राहिली ना ती?” नलू म्हणाली. “दोन पाठवा.”